खास दिवसाचे कपकेक: नाशिकमध्ये दुकान निवडण्यापासून घरी ताटलीत ठेवेपर्यंत

घरात कोणाचा वाढदिवस असला की एक किलोचा केक येतो, एकच चव असते, आणि ती बहुतेक वेळा "सगळ्यांना चालेल" म्हणून घेतलेली असते, म्हणजे खरं तर कोणाचीच आवडती नसते. आजोबांना चॉकलेट नको असतं, काकू अंडं खात नाहीत, एका पोराला फक्त वरचं क्रीम हवं असतं आणि दुसरं पोर क्रीम बाजूला काढून स्पंज खातं. कपकेकमधलं मला सगळ्यात आवडतं ते हेच, की प्रत्येकाला आपापला अख्खा केक मिळतो, त्याच्या चवीचा, त्याच्या पथ्याचा. म्हणून खास दिवसासाठी चांगल्या कपकेकच्या दुकानात जायचं असेल तर सुरुवात दुकानापासून करू नका, माणसांपासून करा. दुकान कुठलं, आयसिंग कुठलं, न्यायचं कसं, हे सगळं त्यावरून ठरतं.

आधी माणसांची यादी

एक कागद घ्या आणि कोण कोण येणार ते लिहा, आणि प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहा: अंडं चालतं का, काही सोसत नाही असं आहे का (काजू, बदाम, शेंगदाणे, दूध), साखरेचं पथ्य आहे का, आणि आवडती चव. हे लिहायला दहा मिनिटं लागतात पण पुढचा सगळा गोंधळ वाचतो.

अंड्याबद्दल जरा नीट बोलते, कारण आपल्याकडे इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. "एगलेस" म्हटलं की आपण स्पंजचा विचार करतो, पण अंडं वरच्या आयसिंगमध्येही असू शकतं. स्विस मेरिंग नावाचं जे रेशमासारखं बटरक्रीम असतं ते अंड्याच्या पांढऱ्या बलकापासून बनतं. सजावटीला वर एखादा रंगीत मॅकरॉन लावलेला असेल तर त्यातही (ते छोटं गोल बिस्किट असतं) अंड्याचा पांढरा बलक आणि बदामाचं पीठ असतं. आणि मार्शमेलो किंवा जेली कँडी लावली असेल तर त्यात बऱ्याचदा जिलेटिन असतं, ते प्राण्यांपासून काढतात, म्हणजे अंडं नसलं तरी शुद्ध शाकाहारी घरात ते चालणार नाही. तेव्हा काकूंसाठी विचारताना स्पंज, आयसिंग आणि वरची सजावट असं तिन्हीचं वेगवेगळं विचारायचं.

तारीखही बघून घ्या. श्रावणात किंवा गुरुवारी एरवी अंडं खाणारी माणसंही खात नाहीत, आणि एकादशी किंवा चतुर्थी असेल तर उपासवाल्यांना मैद्याचं काहीच चालणार नाही, मग कार्यक्रम संध्याकाळचा असला तरी त्यांचे कपकेक डब्यात घालून घरी द्यायची सोय ठेवा.

डायबेटिस असलेल्या माणसासाठी "शुगर फ्री" घेतला की काम झालं असं समजू नका. साखर नसली तरी मैदा असतोच, तोही रक्तातली साखर वाढवतो, आणि साखरेऐवजी बऱ्याच ठिकाणी माल्टिटॉल घालतात, ते जास्त खाल्लं की काहींचं पोट बिघडतं. माझ्या मते साधा छोटा म्हणजे मिनी साइजचा कपकेक, आयसिंग कमी, तो पण जेवणानंतर, हे जास्त बरं, आणि किती खायचं ते त्या माणसाला त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असतंच, आपण आग्रह करायचा नाही. पहिला वाढदिवस असेल तर बाळाला आयसिंगचा कपकेक देऊ नका, दोन वर्षांच्या आत वरून घातलेली साखर टाळावी असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर अजिबात नाही. फोटोसाठी समोर ठेवा, बाळाच्या हातात केळं द्या. डोहाळजेवण असेल तर कॉफी आणि मद्य घातलेले तिरामिसूसारखे प्रकार आणि कच्च्या अंड्याचं मूस उत्सवमूर्तीच्या ताटलीत नको.

किती घ्यायचे? नुसता चहा आणि कपकेक असेल तर माणसं जितकी तितके अधिक चार-पाच जास्तीचे. श्रीखंड-पुरीचं पूर्ण जेवण असेल तर मिनी साइज घ्या, कारण त्या जेवणानंतर मोठा कपकेक कोणालाच संपत नाही. भाजायचा साचा साधारण १२ खळग्यांचा असतो, म्हणून बहुतेक ठिकाणी ६ किंवा १२ च्या हिशोबात ऑर्डर घेतात, एका चवीचे कमीत कमी किती करतात ते विचारून मगच चवींची संख्या ठरवा. तीन चवी पुरतात, चौथी घेतलीच तर ती खास एखाद्या माणसासाठी.

साध्या दिवशी चव बघायला जा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम आहे. इन्स्टाग्रामवरचे फोटो बघून ऑर्डर देऊ नका. फोटोत चव दिसत नाही, आणि हल्ली फोटो काढायला सगळ्यांनाच जमतं. कार्यक्रमाच्या आठ-दहा दिवस आधी, कामाच्या दिवशी, दुपारी बाराच्या आसपास दुकानात जा. आपल्याकडे अशी दुकानं जास्त करून कॉलेज रोड, गंगापूर रोड, थत्ते नगर त्या पट्ट्यात, काही इंदिरानगरकडे, आणि शिवाय घरून करणाऱ्या बेकर ताई तर प्रत्येक कॉलनीत एक तरी सापडेल. शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला पाय ठेवायला जागा नसते, काउंटरवरच्या मुलीला तुमच्याशी दोन शब्द बोलायलाही फुरसत नसते, म्हणून तेव्हा नको.

दोन कपकेक घ्या, एक साधा व्हॅनिला आणि एक त्या दुकानाची जी खासियत असेल तो. व्हॅनिला का, तर त्याच्यात लपवायला काहीच नसतं. चॉकलेटमध्ये सुका स्पंज पण खपून जातो, रेड व्हेल्वेटमध्ये रंग बघूनच अर्धं मन भरतं, पण व्हॅनिला बिघडला असेल तर पहिल्या घासाला कळतं.

आता तो समोर ठेवा आणि लगेच खाऊ नका. आपल्याकडे उन्हामुळे सगळी दुकानं कपकेक थंड काचेच्या कपाटात ठेवतात, आणि बटरचं आयसिंग थंड असलं की साबणाच्या वडीसारखं घट्ट लागतं, स्पंजही आखडलेला असतो. वीस मिनिटं तसाच टेबलावर राहू द्या, तोवर कॉफी मागवा. मग आधी कागद सोलून बघा. कागद हलक्या हाताने, थोडासा चुरा चिकटून निघाला पाहिजे. आधीच सुटून बाहेर फाकलेला असेल तर बहुतेक गरम असतानाच डब्यात बंद केला किंवा भाजणं कमी पडलं, वाफ आत कोंडली. स्पंजवर बोट दाबा, दाबलेला खड्डा परत वर आला पाहिजे. मध्ये तोडून बघा, भोकं बारीक आणि सारखी हवीत, मोठे मोठे बोगदे दिसले तर पीठ जास्त फेटलं गेलंय. मग पहिला घास नुसत्या स्पंजचा घ्या, आयसिंगशिवाय. तो नुसता खावासा वाटला तर दुकान पास, माझ्यासाठी तरी पुढची परीक्षा त्यानंतरच.

नंतर आयसिंग, अगदी बोटभर, जिभेवर ठेवून टाळ्याला लावायचं. खऱ्या लोण्याचं म्हणजे बटरचं असेल तर ते तोंडाच्या उबेने वितळून निघून जातं. वनस्पती तेलापासून बनवलेलं व्हीप क्रीम असेल तर टाळ्यावर एक तेलकट पापुद्रा राहतो, पाणी प्यायलं तरी राहतो. चॉकलेटचंही तसंच आहे. कुव्हर्चर चॉकलेटमध्ये कोकोचं स्वतःचं लोणी असतं, कंपाउंड चॉकलेटमध्ये त्याच्याऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं, ते स्वस्त आणि टिकाऊ असतं पण तोंडात मेणासारखं वाटतं. कंपाउंड वापरणं काही गुन्हा नाही, पण मग गुर्मे, म्हणजे उंची दर्जाचं, म्हणून त्याचे चढे पैसे घेऊ नयेत एवढंच माझं म्हणणं. रेड व्हेल्वेट घेतलात तर त्यात हलका कोको आणि ताकाचा किंचित आंबटपणा लागला पाहिजे, वर क्रीम चीजचं आयसिंग. नुसता लाल रंगाचा गोड स्पंज म्हणजे रेड व्हेल्वेट नाही.

आयसिंगची उंची बघून भुलू नका. स्पंजपेक्षा आयसिंग जास्त असेल तर तिसऱ्या घासाला तोंड मिटतं. स्पंजच्या साधारण निम्मं आयसिंग, हे प्रमाण बहुतेक लोकांना बरोबर वाटतं.

काउंटरवर काय विचारायचं

विचारायला अजिबात संकोच करू नका, आणि विचारताना तपासणीला आल्यासारखंही बोलू नका. चांगल्या बेकरला हे प्रश्न आवडतात, त्यांचा चेहराच खुलतो. मी साधारण असं बोलते:

"ताई, हे आयसिंग बटरचं आहे की व्हीप क्रीमचं?"

"बटरचं आहे मॅडम, पण उन्हाळ्यात ऑर्डर लांब जाणार असेल तर आम्ही व्हीप क्रीम सुचवतो, कुठे न्यायचंय तुम्हाला?"

असं उत्तर आलं की समजायचं माणूस जाणकार आहे, कारण तिने चवीबरोबर तुमच्या रस्त्याचाही विचार केला. "सगळं बेस्ट आहे मॅडम" एवढंच उत्तर आलं तर अजून थोडं विचारा.

एगलेसचे साचे आणि फेटायची भांडी वेगळी असतात का, ते विचारा. कडक पाळणारं घर असेल तर पूर्ण शाकाहारी किचनच बघा, काचेत दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असले की चिमटा एकच फिरतो. सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर नुसतं "काजू घालू नका" सांगून भागत नाही, त्याच ओट्यावर काजूची पूड वापरतात का हे विचारायला हवं, आणि ॲलर्जी जोराची असेल तर त्या माणसासाठी घरीच काहीतरी करा. भाजलेले कधी असतात, त्याच दिवशी सकाळी की आदल्या रात्री? आदल्या रात्री स्पंज आणि सकाळी आयसिंग हे चालतं, उलट स्पंज थोडा मुरतो. पण आयसिंग लावून दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलेला कपकेक कोरडा पडतो, फ्रिजमध्ये स्पंज ओला राहत नाही, सुकतो, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, १४ आकडी नंबर भिंतीवर किंवा बिलावर असतो तो बघून घ्या. घरून करणाऱ्या ताईंनाही नोंदणी लागते, आणि ज्या मनापासून काम करतात त्यांनी ती केलेली असते.

पैशांचं पण तेव्हाच स्पष्ट करून घ्या, भाव नुसत्या कपकेकचा आहे की बॉक्स, वरचा नावाचा टॅग, टॅक्स, डिलिव्हरी धरून. नंतर बिलावर चार ओळी वाढल्या की खास दिवसाचा मूड उगाच जातो.

चवी कुठल्या

इथे आपल्याला नाशिककर म्हणून फायदा आहे, फळं दारात येतात. जानेवारी ते मार्च स्ट्रॉबेरी, सुरगाण्याकडची पण येते आता, ती ताजी असेल तर आतमध्ये स्ट्रॉबेरीचं कंपोट, म्हणजे साखरेत शिजवलेलं फळ, भरलेला व्हॅनिला कपकेक मागा, इसेन्सवाला गुलाबी नको. एप्रिल-मे मध्ये हापूस, दिवाळीच्या आसपास सीताफळ. द्राक्षांचं मात्र सांगते, ताजी द्राक्षं कपकेकच्या आत भाजली की पाणी सुटतं आणि स्पंज गिच्च होतो, वर सजावटीला एक ठेवलं तर सुंदर दिसतं तेवढंच. त्यापेक्षा आपले बेदाणे संत्र्याच्या रसात भिजवून घातलेला कपकेक मागून बघा, बेकर करून देईल आणि वडीलधाऱ्यांना हमखास आवडतो. वाइन घातलेला चॉकलेट कपकेकही मिळू शकतो, पण भाजल्यावर सगळं अल्कोहोल उडून जातं असं नाही, म्हणून तो मुलांच्या ताटलीपासून लांब ठेवा आणि पाहुण्यांना आधी सांगा.

आजी-आजोबांसाठी माझी पसंती मावा-केशर किंवा वेलची, आयसिंग पातळ. वर ते चंदेरी साखरेचे कडक मणी नकोत, कवळीला आणि लहान मुलांच्या दातांना ते फार त्रास देतात. चकाकणारी पूड लावणार असतील तर ती खायची आहे ना हे विचारा, डबीवर नुसतं "नॉन टॉक्सिक" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पोटात गेली तर विष होणार नाही एवढाच, ती खाण्यासाठी बनवलेली नसते.

ऑर्डर लेखीच द्या

फोनवर बोलणं झालं तरी नंतर व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकाच. साधारण असा:

"नमस्कार, रविवारी संध्याकाळी ५ वाजता घ्यायला येईन. एकूण १८. ६ व्हॅनिला-स्ट्रॉबेरी, ६ चॉकलेट (दोन्ही अंड्याचे चालतील), ६ मावा-केशर पूर्ण एगलेस, आयसिंग आणि सजावटीसकट, वेगळ्या बॉक्समध्ये, बॉक्सवर एगलेस लिहा. जिलेटिन नको. कडक मणी नको. एका मावा-केशरवर 'आजी ७५' असं देवनागरीत. अ‍ॅडव्हान्स पाठवलाय, मिळाला की कळवा."

एवढं लिहिलं की दोघांनाही सोपं जातं. देवनागरीत नाव लिहायचं असेल तर तुम्ही स्वतः टाइप करून किंवा कागदावर लिहून फोटो पाठवा, वेलांट्या-काने सांगत बसू नका. कपकेकवर जागा दोन-अडीच इंच, म्हणून एकच शब्द. लांब मजकूर हवा असेल तर एक एक अक्षर एका एका कपकेकवर. साध्या ऑर्डरला तीन-चार दिवस आधी सांगणं बरं, फुलं-पाकळ्यांचं नाजूक काम हवं असेल तर आठवडाभर. व्हॅलेंटाइन, नाताळ आणि दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत त्याहून आधी.

दुकानातच साजरं करायचं असेल तर

पाच-सहा जणांचा छोटा कार्यक्रम असेल, लग्नाचा वाढदिवस वगैरे, तर दुकानात बसूनच करा, मला ते घरी आणण्यापेक्षाही आवडतं, कारण कपकेक अगदी बरोबर स्थितीत मिळतो आणि घरच्या बाईला त्या दिवशी ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही. आधी फोन करून टेबल सांगून ठेवा, मेणबत्ती लावू देतात का आणि बाहेरचं औक्षणाचं ताट चालेल का तेही विचारा, बहुतेक हो म्हणतात, फक्त एसीच्या झोताखालचं टेबल नको, निरांजन टिकत नाही. वयस्कर कोणी असेल तर उंच स्टूलवालं टेबल नको, पाठ टेकायची खुर्ची हवी, आणि जिने किती आहेत ते बघा.

लहान मूल असेल तर त्याला स्वतः निवडू द्या. नाक काचेला चिकटवून ते एकेक बघत जातं, बोट एकावर ठेवतं, मग दुसऱ्यावर, परत पहिल्यापाशी येतं, काचेवर श्वासाची वाफ धरते ती हाताने पुसतं, आणि शेवटी सगळ्यात निळा दिसेल तो मागतं. निळ्याने जीभ निळी होणार, होऊ दे, तो वाढदिवस त्याचा आहे. "अरे चॉकलेट घे, ते चांगलं असतं" असं म्हणून त्याचं मन वळवू नका, ती पाच मिनिटंच त्याच्यासाठी खरी पार्टी असते. मागे रांग असेल तर मागच्यांना आधी जाऊ द्या.

वेगवेगळ्या चवी मागवून वाटून खायच्या असतील तर सुरी मागा आणि प्रत्येकाचे चार भाग करा. आधी लिंबू, व्हॅनिला अशा हलक्या चवी, मग फळांच्या, चॉकलेट आणि कॉफी शेवटी, नाहीतर चॉकलेटनंतर व्हॅनिला फिका लागतो. सोबत बिनसाखरेचा चहा किंवा ब्लॅक कॉफी आणि भरपूर साधं पाणी. थंड कोल्ड्रिंक नको, गोडावर गोड होतं आणि थंडीने आयसिंग तोंडात घट्ट होतं. एकट्याने अख्खा खायचा असेल तर खालचा अर्धा स्पंज हाताने तोडा आणि आयसिंगवर उलटा ठेवा, सँडविच होतं, नाकाला क्रीम लागत नाही आणि प्रत्येक घासात दोन्ही येतं. आणि तोंडाला केक फासायचा प्रकार दुकानात तर नकोच, मला तो कुठेच आवडत नाही, कोणीतरी पहाटे उठून केलेलं काम असतं ते.

घरी नेताना

सगळ्यात जास्त कपकेक दुकान ते घर या वाटेवर बिघडतात. बॉक्सच्या आत प्रत्येक कपकेकसाठी भोक असलेला पुठ्ठा हवाच, तो नसेल तर घेऊ नका. झाकण आयसिंगला टेकत नाही ना ते काउंटरवरच बघा, आणि निघण्यापूर्वी बॉक्स उघडून संख्या, नाव, एगलेसचा बॉक्स तपासा.

स्कूटरच्या हुकला पिशवी लटकवून नेऊ नका, ती झोके खाते आणि पहिल्या गतिरोधकाला सगळे एका बाजूला जमा होतात. मागे कोणी बसून दोन्ही हातांनी सपाट धरणार असेल तर जवळच्या अंतरासाठी ठीक. कारमध्ये मांडीवर किंवा सीटवर नाही, सीट उतरती असते, पायाशी सपाट जागेवर, खाली योगा मॅट किंवा जुनं रबरी पायपुसणं टाकलं की बॉक्स घसरत नाही. एसी आधी पाच मिनिटं लावून गाडी थंड करा, मगच बॉक्स आत.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४० ला जातो आणि लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत तर दहा मिनिटं पुरे. त्या दिवसांत सूर्य कलल्यावर घ्यायला जा, किंवा गनाश म्हणजे चॉकलेट-क्रीमचं आयसिंग निवडा, त्यातल्या त्यात तग धरतं, किंवा खोक्यात बर्फाचे जेलपॅक ठेवा. थंडीत उलटं, डिसेंबर-जानेवारीत घरातच इतका गारठा असतो की बटरक्रीम मऊ व्हायला तासभर लागतो. पावसाळ्यात खड्डे आणि दमट हवा दोन्ही, फोंडंटची म्हणजे मळलेल्या साखरेची फुलं दमट हवेत चिकट होतात, त्या महिन्यांत साधी क्रीमची नक्षी बरी.

वेळेचा हिशोब मोकळा धरा. नाशिकरोडहून येत असाल तर द्वारका चौक, सिडको-पाथर्डीकडून येत असाल तर इंदिरानगरचा बोगदा, आणि सध्या कुंभमेळ्याच्या कामांमुळे कुठला रस्ता कधी वळवतील ते सांगता येत नाही. कॉलेज रोडला पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा एकाने गाडीत थांबावं आणि दुसऱ्याने आत जावं. हे सगळं शेवटचं काम ठेवा, भाजी, फुलं, फुगे आधी, कपकेक शेवटी आणि तिथून थेट घर.

घरी आल्यावर

ताज्या क्रीमचे असतील तर लगेच फ्रिजमध्ये, आणि बाहेर काढल्यावर दोन तासांच्या आत संपवायचे, कडक उन्हाळ्यात एका तासात. बटरक्रीम, गनाश असतील आणि कार्यक्रम दोन-तीन तासांत असेल तर थंड खोलीत बंद बॉक्समध्ये राहू द्या. फ्रिजमध्ये ठेवावेच लागले तर बॉक्स घट्ट बंद हवा, नाहीतर दुपारच्या कांदा-लसणाचा वास आयसिंग लगेच ओढून घेतं. खायच्या अर्धा तास आधी बाहेर.

मेणबत्ती एकाच कपकेकवर लावा, उत्सवमूर्तीच्या. मोठ्या केकवर फुंकर मारली की ती सगळ्यांच्या वाट्याला जाते, इथे बाकीचे स्वच्छ राहतात, घरात कोणी आजारी किंवा खूप म्हातारं असेल तर हे फार सोयीचं आहे. आधी औक्षण, मग मेणबत्ती, मग ज्याचा दिवस त्याने आपल्या हाताने एकेकाला त्याचा कपकेक द्यायचा. इथे ती सुरुवातीची यादी परत कामाला येते. आजीच्या ताटलीत मावा-केशर, काकूंना एगलेसच्या बॉक्समधला, पोराला निळा. नाव घेऊन "हा तुझ्यासाठी" म्हणून दिला की माणसाला बरं वाटतं, माझ्यासाठी वेगळा विचार केलाय हे त्याला दिसतं. स्टँडवर मांडणार असाल तर एगलेसचा मजला सगळ्यात वर आणि वेगळा, खाली ठेवले तर वरच्याचा चुरा त्यावर पडतो.

उरले तर

क्रीमवाले दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, फ्रिजमध्ये बंद डब्यात. बटरक्रीमवाले दोन दिवस चालतात. डब्यात ठेवताना एक युक्ती, डबा उलटा वापरायचा, झाकण खाली, त्यावर कपकेक आणि वरून डबा, मग काढताना आयसिंगला हात लागत नाही. आयसिंग न लावलेले स्पंज फ्रीजरमध्ये घट्ट गुंडाळून महिनाभर राहतात, म्हणून चार-पाच जास्तीचे घेताना ते बिनआयसिंगचे मागितले तर उत्तम, नंतर गरम करून वर नुसती साय-साखर घालून खा. मुलांच्या शाळेच्या डब्यात क्रीमवाला देऊ नका, मधल्या सुट्टीपर्यंत तो तीन-चार तास दप्तरात असतो.

आणि दुसऱ्या दिवशी दुकानात एक मेसेज टाका, कुठली चव आधी संपली, कुठलं आयसिंग जास्त गोड वाटलं, बॉक्स कसा पोहोचला. बेकर ते लिहून ठेवतात, पुढच्या वेळी "मावा-केशर परत तसेच ना, आयसिंग पातळ?" असं तेच विचारतात, आणि मग ऑर्डर द्यायला दोन मिनिटं लागतात.